अकलोलीचा ए, फाटकाचा एफ

लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्जाच्या पुढे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बाबा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही विज्ञान शाखेत. मराठी बारावीत सुटली. चांगलं लिहिणारे खूप आहेत, त्यांच्या ओळीत मी बसावं असं मला वाटत नाही. पण ही गोष्ट पूर्ण माहीत असलेलं माणूस आता मी एकटाच उरलो आहे. दुसरं कुणी असतं तर त्यालाच सांगितलं असतं की तू लिही.

आमचं घर भिवंडीजवळ, कोन गावात. रस्त्याकडेची आमची जमीन गेली आणि तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं. ठरल्याप्रमाणे घरातल्या दोघांना तिथे काम मिळालं. बाबा फाटकावर बसू लागले. ज्या बांधावर ते सकाळी उभे राहायचे त्याच जागी वॉचमनची केबिन आली, त्यामुळे त्यांची जागा तशी बदललीच नाही. दुसरं काम ताईला मिळालं, ऑफिसात. दोघांपैकी एकानेच पुढे शिकायचं असं घरात निघालं तेव्हा ताईनेच माझं नाव पुढे केलं होतं. स्वतः बारावीला थांबली आणि भिवंडीत कॉम्प्युटरचा क्लास केला. ऑफिसात तिच्याइतकं त्यातलं कुणालाच कळत नव्हतं.

ऑफिसच्या भिंतीवर एक राखाडी पेटी होती. कंपनीच्या भाषेत ती फायरवॉल. पुण्याच्या हेड ऑफिसशी आमचं गोडाऊन या पेटीतून जोडलेलं होतं. कुठला माल कुठल्या ट्रकात चढवायचा ते तिथूनच यायचं. समोरून बोलणारं खरोखर हेड ऑफिसच आहे हे पेटीला कळावं म्हणून तिच्या आत एक यादी होती, विश्वासाच्या प्रमाणपत्रांची. यादीत नाव असेल तर पेटी दार उघडायची, नसेल तर नाही. प्रमाणपत्राला मुदत असायची, आणि दर सहा महिन्यांनी जुनं काढून नवं घालावं लागायचं.

कॉलेज सुटलं की मी ताईजवळ जाऊन बसायचो आणि ती मला हे सगळं दाखवायची. तिचा पहिला धडा होता, "काहीही बिघडलं तरी आधी घड्याळ बघायचं." भिवंडीत शुक्रवारी दिवसभर वीज नसायची. कापडाचे लूम बंद, बाजार अर्धा बंद. आमचा यूपीएस म्हातारा, त्यामुळे पेटीही बंद पडायची. वीज आली की पेटीच्या घड्याळात ती कारखान्यातून निघाली तेव्हाची जुनी तारीख यायची, आणि सगळ्या प्रमाणपत्रांपुढे लाल अक्षरात यायचं की हे अजून लागू झालेलं नाही. मग फाटकाबाहेर ट्रकांची रांग.

आमचे मॅनेजर गुजरातकडचे. ते म्हणायचे, "ये डिब्बा हर शुक्रवार को अपने बाप को भूल जाता है."

ताई हसायची, तारीख हाताने पुढे सरकवायची, लाल अक्षरं जायची.

त्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये तिला एक मुलगा भेटला. भिवंडीच्याच निजामपुऱ्यातला, कोकणी मुसलमान. त्यांच्या घरी लूम होते, बोलणं आमच्यासारखंच मराठी. मी त्याला दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा त्याने मला अभ्यास कसा चाललाय एवढंच विचारलं. दोन्ही घरांना मान्य नव्हतं. त्यांनी ठाण्याला जाऊन कोर्टात लग्न केलं आणि पुण्याला गेले. तिचं काम चांगलं होतं म्हणून कंपनीने तिला हेड ऑफिसात घेतलं.

बाबा ओरडले नाहीत. आईला म्हणाले, "तिचं नाव या घरान काराचं न्हाय." मग मला घेऊन वज्रेश्वरीला गेले. देवळाच्या पायरीवर माझा हात ठेवला आणि तिच्याशी बोलणार नाही असं वदवून घेतलं. मी ते म्हटलं. मी अठरा वर्षांचा होतो आणि बाबांचा हात माझ्या हातावर होता. नाही म्हणायचं मला सुचलं नाही. परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "उद्यापासून तिच्या खुर्चीवर तू बस. काम घराचा हाय, घरान ऱ्हाऊ दे."

म्हणून सकाळी कॉलेज आणि दुपारी ताईची खुर्ची.

त्यानंतरच्या शुक्रवारी वीज गेली. आली तेव्हा पेटी जुन्या तारखेला उठली. मी घड्याळ बघितलं. त्या तारखेला ताई अजून घरात होती, बांधावरची आमची चिंच अजून तोडलेली नव्हती. मी तारीख लगेच पुढे नेली नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले तेव्हा नेली.

नवं प्रमाणपत्र यायची वेळ झाली. फाइल मेलने यायची, पण मेलवर कुणी विसंबायचं नाही असा नियम होता, कारण मेल कुणीही पाठवू शकतो. प्रत्येक प्रमाणपत्राचा एक ठसा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून वीस जोड्या. हेड ऑफिसच्या ठरलेल्या नंबरला आपण फोन करायचा, तिकडच्या पडद्यावरचा ठसा आणि इकडचा ठसा वाचून ताडायचा, जुळला तरच यादीत घालायचं. एक जोडी आपण वाचायची, पुढची त्यांनी. दोघांचंही लक्ष राहावं म्हणून ही पद्धत ताईनेच पाडली होती.

मी फोन लावला. "हेड ऑफिस," ती म्हणाली.

एवढ्यावरून मी ओळखलं. मी म्हटलं, "भिवंडी साइट."  ती हळूच म्हणाली, "कसा आहेस?"

 वज्रेश्वरीची पायरी माझ्या हाताखाली होती. मग मी समोरची पहिली जोडी वाचली, "चार, सात." आकडे वाचणं म्हणजे बोलणं नाही असं मी त्या क्षणी ठरवलं. ते बरोबर होतं की नाही मला अजून कळत नाही.

ताईला काय ते समजलं. पुढची जोडी तिने वाचली आणि पुन्हा कधीच दुसरं काही विचारलं नाही.

ठशात अक्षरं सहाच असतात, ए पासून एफ पर्यंत. फोनवर बी, डी, ई सारखेच ऐकू येतात, म्हणून ऑफिसची माणसं शहरांची नावं लावायची. ए अहमदाबाद, बी बॉम्बे, सी चेन्नई, डी दिल्ली, ई एर्नाकुलम, एफ फरिदाबाद. आम्हीही तसंच वाचत होतो. मध्येच तिचा ए आला. ती अडखळली आणि म्हणाली, "ए अकलोली, दोन."

लहानपणी आई आम्हाला अकलोलीच्या गरम कुंडांवर न्यायची. मला पाण्याची भीती. ताई आधी उतरायची आणि म्हणायची, "गरम न्हाय रे, ये." ते दर वेळी गरमच असायचं.

माझ्या वाट्याला बी आला. मी म्हटलं, "बी बांध, नऊ."

असं ते सुरू झालं. सी म्हणजे चिंच. डी म्हणजे डबा, कारण माझा डबा तीच भरायची. एफ आला तेव्हा तिने आवाज खाली आणून विचारल्यासारखं म्हटलं, "एफ फाटक." फाटकावर बाबा बसतात हे तिला माहीत होतं. माझा पुढचा बी तीन जोड्यांनी आला. तोवर ती आकडेच वाचत राहिली. मग मी म्हणालो, "बी बरे, सहा." तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

शेवटी पद्धतीप्रमाणे ती म्हणाली, "जुळलं." मी म्हणालो, "जुळलं." फोन ठेवला.

पुढच्या वेळेपर्यंत सहा महिने. मी काय काय सांगायचं ते मनात धरून ठेवायचो, आई बरी आहे, मी पहिल्या वर्षाला पास झालो. पण ठशात जी अक्षरं येतील तेवढंच सांगता यायचं. त्या वेळी माझ्या वाट्याला बहुतेक आकडेच आले. पास झाल्याचं राहूनच गेलं.

ई चं मात्र आम्ही दोघंही एर्नाकुलमच म्हणत आलो होतो. त्या दुसऱ्या फोनला ती ई पाशी थांबली. लाइन तुटली की काय असं मला वाटलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "ई ईद, आठ."

ऑफिसात मॅनेजर होते, दोन ड्रायव्हर मालाच्या चलनाची वाट बघत उभे होते. माझाही ई जवळच होता, मला तो पडद्यावर दिसत होता. काय म्हणावं याचा विचार करायला मला दोन जोड्यांचा वेळ होता. मी मोठ्याने म्हटलं, "ई ईद, सात."

मॅनेजर वळून म्हणाले, "क्या बात करता है? ईद सात को है? मेरे को तो किसी ने बताया नहीं, आधा स्टाफ छुट्टी मांगेगा."

ड्रायव्हर हसले. तिकडे ताईही हसली. लग्नानंतर तिचं हसणं मी तेवढंच ऐकलं.

तिसऱ्या वेळी माझ्या वाट्याला एफ दोनदा आला. दिवस उन्हाचा, ऑफिसची खिडकी उघडी. दुसऱ्यांदा मी "एफ फाटक" म्हटलं आणि दारात बाबा उभे राहिले. हातात काठी, डोक्यावर रुमाल.

"मना बलावलास काय? मघापासून फाटक फाटक बोलतंस."

"न्हाय बाबा. आकडे वाचतोय."

"आकड्यान फाटक कसा आला?"

 फोन कानाला तसाच होता. बाबांचा आवाज तिकडे पोचला होता, कारण तिची पाळी असूनही तिकडून काही येत नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग फोनकडे. बऱ्याच वेळाने ताईने वाचलं, "पाच, शून्य," आणि तिचा आवाज तिच्यासारखा नव्हता. बाबा फाटकावर गेले. पण त्यानंतर ते दुपारचा चहा केबिनमध्ये घेईनासे झाले. ऑफिसातल्या बाकावर बसून घ्यायचे. मॅनेजर म्हणायचे, "काका, आप यहाँ, गेट पर कौन? भगवान?" बाबा म्हणायचे, "गेट कुठं पलतंय?"

चौथ्या फोनच्या दिवशीही ते बाकावर होते. फोन जुना, आवाज बाहेरपर्यंत यायचा. ताईचा आवाज बारीक झाला होता, वाचताना ती मध्ये थांबत होती. तिची जोडी आली, "डी दवाखाना, चार."

डबा नाही, दवाखाना.

माझी पुढची जोडी होती सात, नऊ. मी सात, नऊ वाचलं. ती म्हणाली, "एक, शून्य." मग मला सी मिळाला. मी सी चा क करून म्हटलं, "सी कोण, तीन." तिची जोडी आठ, आठ. माझी दोन, सहा. मी पडद्यावर पुढे बघत होतो, तिच्या वाट्याला अक्षर कधी येतंय ते. आलं. "बी बरी, दोन," ती म्हणाली. कुंडात उतरून "गरम न्हाय रे" म्हणायची तशीच म्हणाली.

"जुळलं." "जुळलं."

संध्याकाळी घरी चालत येताना बाबांनी विचारलं, "दवाखाना कुनाचा?"

"ठाऊक न्हाय बाबा."

"इचाराचा न्हाय?"

 विचारायचं नाही हे त्यांनीच तर ठरवलं होतं. तेही तेच आठवत असावेत. घर येईपर्यंत ते माझ्यापुढे चार पावलं चालत होते.

भाऊबीजेला आईने ताट वाढलं आणि त्यापुढे बसून राहिली. मला ओवाळायला कुणी नव्हतं. बाबा उंबऱ्यात बसले होते. पाठमोरेच म्हणाले, "तो आकड्यांचा फोन कवा हाय?"

"अजून तीन महिने आहेत."

"त्या आकड्यान 'घरी ये' बोलता येतंय काय?"

मी त्यांना समजावलं की अक्षरं सहाच असतात. घराचा घ त्यात बसत नाही. ये पण बसत नाही.

"आय बसतंय?"

"आय बसतं. ए आई."

"मंग आय बोल, आन् फुरचा सरल बोल. इतका शिकलास, सरल बोलता येत न्हाय?" थोड्या वेळाने म्हणाले, "देवीला मी सांगेन काय ते. शप्पत माजी होती."

आई ताटावरून उठली आणि आत गेली. आत तिचं रडणं ऐकू येत होतं, पण ते वाईट रडणं नव्हतं.

तीन महिने थांबायचं कशाला म्हणून मी सुट्टी संपताच हेड ऑफिसला फोन केला. मॅडम रजेवर आहेत, असं सांगितलं. घरचा नंबर द्यायची पद्धत नाही म्हणाले. मी भाऊ आहे असं सांगावंसं वाटलं, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता. निजामपुऱ्यात जाऊन आलो. भाऊजींच्या घरात लूमवर काम करणारे राहत होते. त्यातला एक दारात दात घासत उभा होता, तो म्हणाला, "वो लोग तो कब के पूना शिफ्ट हो गए. अम्मा को भी ले गए. बहू की तबियत के लिए."

बहू की तबियत. अम्मा तिच्यापाशी गेली होती, आणि आमची आई कोनला होती.

मी पुण्याला जायचं ठरवलं. परीक्षा संपली की जायचं. आई तिला नेसायला साडी काढून ठेवत होती, एक काढायची, परत ठेवायची, दुसरी काढायची.

परीक्षा चालू असतानाच मेल आला. जुनं प्रमाणपत्र मुदतीआधी रद्द केलं आहे, सोबत नवं जोडलं आहे, ठसा ताडून यादीत घालावं. ज्याच्या हाती प्रमाणपत्राची किल्ली असते ते माणूस बदललं की असं करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पेपरात लिहिलंही होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. फोन लवकर आला एवढंच मी धरलं. धावत फाटकावर गेलो आणि बाबांना सांगितलं.

बाबांनी नळावर तोंड धुतलं. घरी निरोप पाठवला. आई आली, ऑफिसात पहिल्यांदाच, चपला बाहेर काढून. मॅनेजर काही विचारणार होते, पण आईला बघून त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि बाहेर ट्रककडे गेले. आईला आवाज ऐकू यावा म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. आई म्हणाली, "आदी मी बोलू?" बाबा म्हणाले, "आकडे होऊ दे. त्याचा काम हाय."

मी नंबर फिरवला.

"हेड ऑफिस," एक माणूस म्हणाला.

मी म्हटलं, "भिवंडी साइट." आईने माझ्याकडे बघितलं. ठसा ताडल्याशिवाय ट्रक निघणार नव्हते, आणि हा माणूस कुणाच्या तरी बदली बसला असेल असं मला वाटलं. मी वाचायला लागलो. तो नीट वाचत होता, माझ्यापेक्षा नीट. तीन, एक. शून्य, नऊ. मग त्याचा ए आला.

"ए अकलोली, पाच," तो म्हणाला. अकलोलीतला ल त्याने लांबवला, कधी ते गाव पाहिलं नसल्यासारखा.

बाबांनी मान वर केली. आईच्या तोंडावर हसू आलं. मी वाचत राहिलो. तो म्हणाला बांध, म्हणाला चिंच. ई आला, तो म्हणाला ईद. शेवटच्या जोडीला तो म्हणाला, "एफ फाटक, दोन. जुळलं."

मी "जुळलं" म्हणालो नाही. मी विचारलं, "ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"मॅडमनी. मी त्यांच्या जागेवर आलोय. दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो होतो, तिथे पाठ करून घेतली माझ्याकडून. म्हणाल्या, भिवंडीला असंच वाचायचं, शहरं घ्यायची नाहीत." मग म्हणाला, "तुम्ही जुळलं म्हटलं नाहीत."

"मॅडम कधी येणार?" मी विचारलं. आई पुढे सरकली होती.

"तुम्हाला कळवलं नाही का कुणी?" तो म्हणाला. "मॅडम वारल्या हो. महिना होऊन गेला."